कुसळ : एका पावसाचे गवत

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही. ही म्हण मराठी बोलणाऱ्या प्रत्येक घरात आहे. मिक्सर आल्यापासून मुसळ घराघरांतून गेले, कुसळ मात्र कुठेही गेलेले नाही. दिवाळीच्या सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव, नांदगाव, येवला किंवा चांदवडच्या एखाद्या माळावरून चालून या, सलवारीच्या नाहीतर पायजम्याच्या घेराला कुसळांची झालर लागलेली असेल. शहरात वाढणाऱ्या आपल्या मुलांना हा शब्द फक्त म्हणीतून ठाऊक असतो, म्हणून या महिन्यात आम्ही या गवताची ओळख करून देत आहोत. याला आणखी एक कारण आहे. ज्यांच्या दारात शेळ्या-मेंढ्या आहेत आणि ज्यांच्या घरी वर्षातून एकदा कुर्बानीचे जनावर येते, त्या दोघांशीही या गवताचा थेट संबंध आहे.

नाव एक, गवते तीन

कुसळ म्हणजे मुळात दाण्याला असलेला ताठ, टोकदार केस. गव्हाच्या ओंबीवर असतात तीही कुसळेच. पण माळावरचा माणूस 'कुसळ' किंवा 'कुसळी' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात सबंध गवत असते, आणि तेही एकच नसते. नाशिकच्या कोरड्या भागात या नावाखाली तीन गवते सहज सापडतात. त्यांपैकी दोन 'ॲरिस्टिडा' या कुळातली. लॅटिन भाषेत 'अरिस्टा' म्हणजे कुसळ, त्यावरून हे नाव पडले. जगात या कुळाच्या सुमारे ३०० जाती आहेत. आपल्याकडच्या या दोन जाती म्हणजे ॲरिस्टिडा ॲडसेन्सिओनिस आणि ॲरिस्टिडा फ्युनिक्युलाटा. दोन्ही वर्षायू आहेत. पावसाबरोबर उगवतात, पाऊस संपता संपता दाणे टाकतात आणि मुळासकट मरून जातात. पुढच्या वर्षी जे उगवते ते नवे रोप असते.

तिसरे गवत हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. ही टेकडीवरची मोठी कुसळी. ही सहसा अनेक वर्षे जगते. वरचा पाला वाळला तरी जमिनीतला ठोंब जिवंत राहतो आणि पहिल्या पावसात तोच पुन्हा फुटतो. तिची कुसळे काळपट तपकिरी असतात आणि एकमेकांत गुंतून त्यांची वेणी होते. आजचा आमचा विषय मुख्यतः पहिल्या दोघांचा आहे, पण या मोठ्या बहिणीचे नाव मध्ये मध्ये येत राहील.

दिसते कसे ?

वर्षायू कुसळ हे अगदी किरकोळ अंगाचे गवत आहे. बारीक काड्यांचा एक झुपका असतो. जमीन उथळ आणि पाऊस कमी असेल तर त्याची उंची वीतभरही भरत नाही, चांगल्या पावसात ते गुडघ्यापर्यंत येते. पाती अरुंद असतात आणि ऊन वाढले की आतल्या बाजूला वळून तारेसारखी होतात. त्यामुळे पातीतले पाणी लवकर उडत नाही. मुळे तंतुमय आणि उथळ असतात. चिमटीत धरून ओढले तर सगळा झुपका हातात येतो. पावसाळ्यात रंग हिरवा, फुलोऱ्यावर आले की त्यात जांभळट झाक येते आणि ऑक्टोबरनंतर सगळा माळ गवती पिवळा होतो. दुपारच्या तिरप्या उन्हात अशा माळावरून वारा गेला की रेशमी कापड हलल्यासारखे वाटते. दुरून इतके मऊ दिसणारे गवत जवळून किती टोचते, हे पाय ठेवल्यावर कळते.

आता एक दाणा हातात घ्या. भिंग असेल तर उत्तम. दाण्याभोवती एक घट्ट, गुंडाळलेले आवरण असते. त्याचे खालचे टोक सुईसारखे अणकुचीदार असते आणि त्या टोकावर बारीक केस असतात. ते सगळे केस मागच्या दिशेला झुकलेले असतात. म्हणून दाणा कापडात, लोकरीत किंवा कातडीत पुढे सरकू शकतो, मागे येऊ शकत नाही. मासे धरायच्या गळाला जसा उलटा काटा असतो, तसेच हे. दाण्याच्या वरच्या टोकाला कुसळ असते आणि ते तीन फाट्यांचे असते. ॲडसेन्सिओनिसमध्ये हे तीन फाटे थेट दाण्याच्या टोकापासून निघतात. फ्युनिक्युलाटात आधी पीळ घातलेला एक लांब दांडा येतो आणि त्याच्या पुढे तीन फाटे फुटतात. लॅटिनमध्ये 'फ्युनिक्युलस' म्हणजे बारीक दोरी. पिळाच्या या दांड्यामुळेच या जातीला ते नाव मिळाले. दोन जाती ओळखायच्या तर एवढी खूण पुरेशी आहे : दोरी दिसली की फ्युनिक्युलाटा, न दिसली की ॲडसेन्सिओनिस.

दाणा स्वतःला पेरतो

हा पीळ नुसता शोभेचा नाही. पिळाच्या कुसळातल्या पेशी ओलावा शोषल्या की फुगतात आणि पीळ उलगडतो. कोरड्या हवेत त्या आकसतात आणि पीळ पुन्हा बसतो. रात्री दव पडले की कुसळ एका दिशेने फिरते, दुपारी ऊन तापले की उलट दिशेने. वरचे टोक आजूबाजूच्या काड्यांत अडकलेले असते, त्यामुळे फिरण्याचा जोर खाली दाण्यावर येतो. मागे झुकलेले केस दाण्याला वर येऊ देत नाहीत. असे करत करत दाणा गिरमिटासारखा जमिनीत शिरतो. त्याला बैल लागत नाही, पाभर लागत नाही.

ही गोष्ट माणसाच्या लक्षात येऊन बराच काळ लोटला. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली सूक्ष्मदर्शकावरच्या आपल्या ग्रंथात रानटी ओटच्या कुसळाचे वर्णन केले आणि हवेतला दमटपणा मोजायला ते वापरता येते हे दाखवले. पुढे चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी १८७६ साली अशा दाण्यांच्या जमिनीत शिरण्यावर स्वतंत्र निबंध लिहिला.

हा प्रयोग घरी मुलांसमोर करण्यासारखा आहे. टेकडीवरच्या मोठ्या कुसळीचा एक वाळलेला दाणा आणा. त्याचे टोकदार तोंड साबणाच्या वडीत किंवा खोडरबरात रोवा, म्हणजे कुसळ उभे राहील. मग पिळावर पाण्याचा एक थेंब सोडा. थोड्याच वेळात कुसळाचे वाकलेले टोक घड्याळाच्या काट्यासारखे फिरू लागते. वाळू द्या, ते परत उलटे फिरेल. मेलेल्या, वाळलेल्या काडीत ही हालचाल कुठून आली, हा प्रश्न मुले विचारतीलच. त्याचे उत्तर त्यांनाच शोधू द्यावे. मात्र दाणा मोठ्या माणसाने हाताळावा आणि प्रयोग झाल्यावर कागदात गुंडाळून फेकून द्यावा.

कुठे कुठे वाढते ?

नाशिक जिल्हा पावसाच्या बाबतीत दोन टोकांचा आहे. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेला येवला, नांदगाव, मालेगाव या पट्ट्यात तो ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास असतो. वर्षायू कुसळाचे घर पूर्वेकडे आहे. मुरमाड उतार, पाझर न टिकणारे माळ, रस्त्याच्या कडेचे भराव, पडीक शेताचे बांध, अंकाई-टंकाईसारख्या किल्ल्यांच्या पायथ्याचे खडक, जिथे माती बोटभर आहे तिथे हे गवत हमखास असते. काळ्या, खोल जमिनीत आणि कोकणकड्याच्या पावसात त्याचा टिकाव लागत नाही, कारण तिथे उंच आणि जोमदार गवते त्याच्यावर सावली धरतात.

जगाच्या नकाशावर या दोन जातींचा पसारा पाहिला की नवल वाटते. फ्युनिक्युलाटा आफ्रिकेत सहाराच्या दक्षिण काठाने पसरलेली आहे. तिथून अरबस्तान, इराण, पाकिस्तान, राजस्थान, गुजरात असा पट्टा करत ती आपल्या दख्खनपर्यंत येते. म्हणजे सुदानच्या मेंढपाळाच्या आणि मालेगावच्या शेळीवाल्याच्या पायात टोचणारे कुसळ एकच आहे. ॲडसेन्सिओनिस तर त्याहून पुढे गेली आहे. अटलांटिक महासागरात ॲसेन्शन नावाचे एक एकाकी बेट आहे. स्वीडनचे लिनियस यांनी १७५३ साली या गवताला त्या बेटाचे नाव दिले. पण ते गवत त्या बेटापुरते मुळीच नाही. आफ्रिका, आशिया आणि अमेरिका या तिन्ही खंडांच्या उष्ण, कोरड्या भागांत ते आहे. अमेरिकेत त्याला सहा आठवड्यांचे गवत म्हणतात. पाऊस पडल्यापासून दाणे टाकेपर्यंत त्याला फारसा वेळ लागत नाही, ही त्या नावामागची गोष्ट. जिथे पावसाचा भरवसा नाही तिथे हे घाईचे आयुष्य कामाला येते.

इतका प्रवास या दाण्यांनी केला कसा ? वाऱ्याने काही नेले, पण पुष्कळ दाणे जनावरांच्या केसांतून आणि माणसांच्या कपड्यांतून गेले. मेंढरांचे कळप जिथे जिथे फिरले, तिथे तिथे कुसळही पोचले.

माळ पूर्वी असा नव्हता

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कुसळ वाढले की लोक कुसळाला दोष देतात. गवताचे अभ्यासक मात्र वेगळे सांगतात. दाबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी भारतातल्या गवताळ प्रदेशांची पाहणी केली आणि ती भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७३ साली प्रसिद्ध केली. त्यांच्या मांडणीनुसार आपल्या दख्खनच्या पठारावरचे मूळ गवत पवना आणि मारवेल यांच्या जातीचे. ही बहुवर्षायू, पौष्टिक, जनावरांना आवडणारी गवते. चराई वाढत जाते तसा त्यांचा क्रम मोडत जातो. आधी पवना-मारवेल कमी होतात, मग मोठी कुसळी पसरते, आणि जमीन अगदी थकली की शेवटी ॲरिस्टिडासारखी वर्षायू गवते उरतात.

याचे कारण समजायला अवघड नाही. मारवेलचा ठोंब वर्षभर जमिनीत असतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो साठवलेल्या जोरावर नवी पाने काढतो, आणि पाने मोठी झाली की मुळात पुन्हा साठा करतो. हे व्हायच्या आतच रोज दाताने कुरतडले गेले तर साठा रिकामा होतो. दोन-चार वर्षांत ठोंब मरतो. कुसळाला ठोंबच नाही, म्हणून मरण्याचे भय नाही. त्याची सगळी पुंजी दाण्यात असते. शिवाय फुलोरा आल्यावर जनावर त्याला तोंड लावत नाही. चवदार गवत खाऊन संपते, टोचरे मागे राहून दाणे टाकते. पुढच्या वर्षी मोकळ्या झालेल्या जागेवर तेच उगवते.

वणव्याचेही तसेच. माळ साफ व्हावा, कुसळ जळून जावे, म्हणून उन्हाळ्यात काडी लावणारे पुष्कळ आहेत. नाशिक शहराभोवतालच्या टेकड्याही दरवर्षी काळ्या पडतात. पण कुसळाचा दाणा तोवर जमिनीत शिरून बसलेला असतो. आग वरून निघून जाते, दाणा खाली सुखरूप राहतो. जळतात ती कोवळी झाडे, पक्ष्यांची घरटी, पालापाचोळा आणि मातीचे पांघरूण. म्हणजे ज्याला घालवायचे तोच टिकतो आणि ज्याला ठेवायचे ते जाते.

तेव्हा कुसळ हा रोग नाही, ते रोगाचे लक्षण आहे. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडत नाहीत. उलट या गवताचे थोडे उपकारच आहेत. ज्या मुरमाडावर दुसरे काही उगवायला तयार नाही, तिथे पहिल्या पावसात तेच माती धरून ठेवते. फुलोरा येण्याआधी शेळ्या-मेंढ्या ते खातात. येवला तालुक्यात ममदापूर-राजापूर भागात काळवीटांसाठी राखलेले जंगल आहे, तिथे मोकळा गवताळ माळ हाच काळवीटाचा निवारा आहे. माळाला पडीक समजणे हीच आधी चूक.

शेळीचा डोळा आणि कुर्बानीचे जनावर

नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे जिल्हे म्हणजे संगमनेरी शेळीचा मुलूख. कुणाच्या दारात दोन, कुणाच्या चार, असे हे धन असते, आणि पुष्कळदा त्याची देखभाल घरातली बाईच करते. ऑक्टोबरपासून पुढे या जनावरांना कुसळाचा त्रास सुरू होतो. शेळी खाली मान घालून चरते, तेव्हा दाणा डोळ्यात जातो. पापणीच्या आत अडकला की डोळ्यातून सतत पाणी येते, डोळा मिटून राहतो आणि दोन-तीन दिवसांत बुबुळावर पांढरी झाक येते. वेळेवर काढला तर डोळा वाचतो. दुर्लक्ष झाले तर पांढरा डाग कायमचा राहतो, कधी डोळाच जातो. दाणे हिरड्यांत आणि जिभेखालीही रुततात. मग जनावर लाळ गाळते आणि चारा सोडते. खुरांच्या बेचक्यात शिरले तर लंगडते. मेंढीच्या लोकरीत अडकलेली कुसळे कातडीपर्यंत पोचतात, आणि टोचून टोचून भोके पडलेल्या कातड्याला दर मिळत नाही.

कुर्बानीचे जनावर निर्दोष हवे, हे आपल्या घरातल्या लहानांनाही माहीत असते. डोळा उघडपणे निकामी झालेले, उघड आजारी, उघड लंगडे किंवा पार हडकलेले जनावर चालत नाही. आता या चार दोषांकडे पुन्हा पाहा. कुसळ डोळा घालवते, खुरात शिरून लंगडे करते, जखम चिघळवून आजारी पाडते आणि तोंडात रुतून हडकवते. बकरा मंडीत घाईघाईत जनावर घेणाऱ्याने दात पाहिले, वजन पाहिले, पण डोळ्याकडे पाहिले नाही तर पैसेही जातात आणि मनाला रुखरुख लागते. ईद सध्या उन्हाळ्यात येते, तेव्हा कुसळाचा हंगाम सरलेला असतो, पण हिवाळ्यात पडलेला डाग डोळ्यावर तसाच असतो. आणि ईद दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी अलीकडे सरकते. आणखी काही वर्षांनी ती थेट कुसळाच्या दिवसांत येईल. डाग लहान असेल आणि जनावराला दिसत असेल तर काय करावे, हे आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना विचारावे. गोश्तचे वाटप तर होतेच, पण कुर्बानीची कातडी पुष्कळ ठिकाणी मदरशांना दिली जातात, म्हणून कातडे धड असणे हेही कुणाच्या तरी हक्काचे आहे.

घरात आणि माळावर काय करावे ?

जनावर घेताना त्याला उजेडात उभे करा. दोन्ही डोळ्यांसमोर हात हळूच हलवा, पापणी मिटते का पाहा. ओठ उचलून हिरड्या बघा. चारही खुरांच्या बेचक्यात बोट फिरवा. चार पावले चालवा. एवढ्याला पाच मिनिटे लागतात.

घरच्या शेळ्या हिवाळ्यात संध्याकाळी परत आल्या की त्यांच्या तोंडावरून आणि डोळ्यांभोवती हात फिरवायची सवय ठेवा. डोळ्यात कुसळ दिसले तर स्वच्छ पाण्याने धुवा. सुईने, काडीने किंवा पदराच्या टोकाने उकरू नका. निघाले नाही तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. मुलांच्या डोळ्यात गेले तरी नियम हाच : चोळायचे नाही, पाण्याने धुवायचे, आणि खुपणे थांबले नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचे. कपड्यात रुतलेले कुसळ मागे ओढू नका, केस अडकून ते तुटते. ज्या दिशेने ते शिरले आहे त्याच दिशेने पुढे काढा. माळावर जाताना मुलांना बंद बूट घाला आणि मोजे घरी आल्यावर झटकून, उलटे करून धुवा.

माळाची दुरुस्ती एकट्या घराचे काम नाही, गावाचे आहे, पण ती होते. गायरानाचे दोन-तीन भाग करून पावसाळ्यात एक भाग आळीपाळीने बंद ठेवला तर पवना आणि मारवेल यांना दम घ्यायला वेळ मिळतो. उरलेल्या भागात जनावरे कुसळ फुलोऱ्यावर येण्याआधी चारावीत, किंवा ऑगस्ट-सप्टेंबरात ते कापून घ्यावे. वर्षायू गवताला दाणे धरू दिले नाहीत की त्याची पुंजी घटत जाते. काही दाणे मागच्या सालचे मातीत असतात, म्हणून एका वर्षात फरक दिसणार नाही, नेटाने करावे लागेल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाण काढले आहेत. त्याचे ठोंब बांधावर लावता येतात, आणि सोबत स्टायलोसारखा शेंगवर्गीय चारा पेरला तर जमिनीलाही जोर येतो. आणि काडीपेटी घेऊन माळावर कुणी निघाला तर त्याला थांबवावे.

अल्लाहने बोटभर मातीवरही हिरवे काही उगवावे अशी सोय करून ठेवली आहे, त्या सोयीचे एक नाव कुसळ आहे. ते पायात टोचले की आपण खाली वाकून काढतो. वाकलोच आहोत तर क्षणभर त्या जमिनीकडेही पाहावे. तिथे आधी काय उगवत होते, ते कुणी संपवले आणि परत कसे आणता येईल, हे गावातल्या एखाद्या जुन्या मेंढपाळाला विचारावे. त्याला ते आठवत असते.